जुन्या अमेरिकी चाकूंची ओळखपरेड

मार्क ट्वेनच्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ टॉम सॉयर’ या १८७६ सालच्या कादंबरीत टॉमची मावसबहीण मेरी त्याला बायबलमधील वचने पाठ केल्याबद्दल साडेबारा सेंट किमतीचा कोरा ‘बार्लो’ चाकू बक्षीस देते. त्या चाकूने धड काही कापले जात नाही. पण तो अस्सल बार्लो आहे, एवढ्यानेच टॉम हरखून जातो. अशा वस्तूची कोणी नक्कल करील आणि तिच्यामुळे मूळ वस्तूला बट्टा लागेल, ही कल्पना पश्चिमेकडच्या पोरांच्या डोक्यात आली तरी कुठून, असे कोडेही ट्वेन जाता जाता घालतो. जवळपास दीडशे वर्षांनंतर हे कोडे विनोदाचे राहिलेले नाही. जुन्या अमेरिकी घडीच्या चाकूंचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच : हातातला चाकू खरोखर तोच आहे का, जो असल्याचा तो दावा करतो?

पाते मिटून मुठीत जाणारा, खिशात मावणारा हा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळपास शंभर वर्षे अमेरिकी माणसाच्या रोजच्या गरजेची वस्तू होती. शेतकरी, गुराखी, सुतार, कारकून आणि शाळकरी मुलगा अशा साऱ्यांच्या खिशात तो असे. दोर कापणे, पेन्सिलीला टोक काढणे, फळ सोलणे, लाकडाचा तुकडा तासत बसणे ही त्याची कामे. साहजिकच त्यांचे उत्पादन अफाट झाले. बहुतेक चाकू वापरून झिजले, हरवले किंवा फेकले गेले. जे उरले त्यांच्याभोवती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संग्राहकांचे एक जग उभे राहिले. टेनेसी राज्यातील चॅटानूगा शहरात १९७२ मध्ये अशा संग्राहकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. बर्नार्ड लेव्हिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या वस्तूंचे शिस्तशीर वर्गीकरण केले आणि छंदाला अभ्यासाची बैठक मिळाली.

शेफिल्डची सावली

अमेरिकी चाकूचा इतिहास इंग्लंडमधील शेफिल्ड या पोलादनगरीपासून सुरू करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी बाजारपेठेवर शेफिल्डच्या मालाचेच राज्य होते. जोसेफ रॉजर्स, जॉर्ज वोस्टेनहोम या इंग्रज पेढ्यांची नावे अमेरिकेतील दूरदूरच्या गावांतही परिचित होती. कनेक्टिकट राज्यातील लेकव्हिलच्या होली कंपनीने १८४० च्या दशकात घडीचे चाकू बनवण्यास सुरुवात केली. १८५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मॅटेवान येथे न्यूयॉर्क नाइफ कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये तिने आपला कारखाना जवळच्या वॉल्डन गावी हलवला. या नव्या कारखान्यांतील अनेक कारागीर मूळचे शेफिल्डचेच होते. त्यामुळे सुरुवातीच्या अमेरिकी चाकूंच्या घडणीवर इंग्रजी वळणाची छाप स्पष्ट दिसते.

चित्र पालटले ते आयात शुल्कामुळे. १८९० चा मॅकिन्ले कायदा आणि १८९७ चा डिंग्ले कायदा यांनी परदेशी चाकू महाग केले आणि देशी कारखान्यांना मोकळे रान मिळाले. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हानिया या राज्यांतील लहान लहान गावे चाकूंची गावे म्हणून ओळखली जाऊ लागली. वॉल्डनमध्ये १९०४ साली श्रेड कंपनी आली. लिटल व्हॅली येथे केस बंधू आणि त्यांच्या मेहुण्यांची कॅटारॉगस कंपनी असा नात्यागोत्याचाच उद्योग उभा राहिला. केस घराण्यातील पुढच्या शाखेची ‘डब्ल्यू. आर. केस अ‍ॅण्ड सन्स’ ही कंपनी १९०५ पासून पेनसिल्व्हानियातील ब्रॅडफर्ड येथे स्थिरावली. पहिले महायुद्ध संपल्यावर बंदुकांची मागणी घटली, तेव्हा रेमिंग्टन आणि विंचेस्टर या शस्त्रनिर्मात्या कंपन्याही चाकूंकडे वळल्या.

मॅकिन्ले कायद्याची एक तरतूद संग्राहकांना आजही उपयोगी पडते. या कायद्यानुसार १८९१ पासून आयात मालावर तो कोणत्या देशात तयार झाला त्याचे नाव घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे चाकूवर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा शब्द असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा आणि अर्थातच परदेशी असतो. येथे सावध राहावे लागते ते एका कारणाने. अमेरिकी व्यापाऱ्यांनी जर्मनीतील सोलिंगेन येथून स्वतःच्या नावाचे चाकू बनवून घेतले. नाव अमेरिकी, पोलाद जर्मन असे हे चाकू नवख्याला हमखास फसवतात.

अंगोपांगांची ओळख

ओळख पटवायची तर आधी चाकूचे अवयव माहीत हवेत. पात्याचा जो बुडाकडचा भाग खिळीभोवती फिरतो त्याला ‘टँग’ म्हणतात. मुठीच्या टोकांना असलेल्या धातूच्या जाड टोप्या म्हणजे ‘बोल्स्टर’. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्या ‘लायनर’. त्यांवर हाड, लाकूड किंवा शिंग यांच्या फळ्या बसवलेल्या असतात. या फळीवर जडवलेली धातूची छोटी चकती म्हणजे ‘शील्ड’. पाते उघडे किंवा मिटलेले राहते ते पाठीकडच्या स्प्रिंगच्या दाबामुळे. या चाकूंना पाते अडकवून ठेवणारी कळ नसते. पाते उघडण्यासाठी त्यावर नखाची खाच असते. चाकूची लांबी सांगताना तो मिटवून केवळ मूठ मोजण्याचा प्रघात आहे.

पात्यांची संख्या, त्यांचे आकार आणि मुठीची ठेवण यांवरून चाकूचा ‘पॅटर्न’ ठरतो. लांब बोल्स्टरचा साधा, स्वस्त बार्लो; गुराख्यांसाठी तीन पात्यांचा स्टॉकमन; दोन लांब पात्यांचा ट्रॅपर; लाकूड तासणाऱ्यांसाठी व्हिटलर; अंतर्वक्र पाठीचा काँग्रेस; होडीच्या आकाराचा कनू, अशी ही नामावळी मोठी आहे. बॉय स्काउट चळवळ १९१० मध्ये अमेरिकेत पोचल्यावर डबा उघडण्याच्या आणि स्क्रू फिरवण्याच्या पात्यांसह येणारा स्काउट चाकूही लोकप्रिय झाला. पॅटर्न ओळखला की उपयोग कळतो. निर्माता आणि काळ कळण्यासाठी मात्र टँगकडे वळावे लागते.

टँगवरचा ठसा

बहुतेक कारखाने पात्याच्या टँगवर आपले नाव, गाव किंवा चिन्ह ठोकत. संग्राहक चाकू हाती येताच भिंग घेऊन प्रथम तेथेच पाहतात. काळानुसार हे ठसे बदलत गेल्याने त्यांच्यावरून चाकूचे वय ठरवता येते.

याबाबतीत सर्वांत सोयीची पद्धत केस कंपनीची. १९२० ते १९४० या काळात तिच्या चाकूंवर ‘केस टेस्टेड डबल एक्स’ असा ठसा असे. १९४० ते १९६४ या काळात ‘केस डबल एक्स’, तर १९६५ ते १९६९ या वर्षांत त्याखाली ‘यूएसए’ ही अक्षरे आली. १९७० मध्ये कंपनीने या अक्षरांखाली दहा ठिपके ठोकले आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी केला. म्हणजे नऊ ठिपके १९७१ चे, तर एकच ठिपका १९७९ चा. १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपक्यांपासून मोजणी सुरू झाली. मात्र या वेळी ठशातील ‘एस’ अक्षराला विजेच्या रेघेचे वळण दिले गेले. त्यामुळे दोन दशकांची गल्लत होत नाही.

केसच्या चाकूवरील आकडाही बोलका असतो. उदाहरणार्थ ‘६२५४’. पहिला अंक मुठीचा : सहा म्हणजे खाचा पाडलेले हाड, पाच म्हणजे शिंग, आठ म्हणजे शिंपला, तीन म्हणजे पिवळे कृत्रिम द्रव्य. दुसरा अंक पात्यांची संख्या सांगतो, येथे दोन. उरलेले चोपन्न हा पॅटर्नचा क्रमांक, म्हणजे ट्रॅपर. अशा चाकूवर आठ ठिपके असतील तर तो १९७२ चा दोन पात्यांचा ट्रॅपर ठरतो. रेमिंग्टनच्या क्रमांकात मुठीचे द्रव्य शेवटच्या अंकात दडलेले असते. या कंपनीचा १९२२ मधील प्रसिद्ध ‘बुलेट’ चाकू ‘आर ११२३’ क्रमांकाचा आहे. त्यातील तीन म्हणजे हाड. मुठीवर काडतुसाच्या आकाराची शील्ड असल्यामुळे त्याला हे नाव पडले.

सर्वच ठसे कारखान्याचे नसतात. सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअर कंपनीचा ‘कीन कटर’ किंवा त्याच शहरातील शेपली कंपनीचा ‘डायमंड एज’ ही घाऊक व्यापाऱ्यांची नावे. त्यांचे चाकू इतर कारखान्यांत तयार होत. अशा वेळी घडणीची ढब पाहून मूळ कारखान्याचा अदमास घ्यावा लागतो.

एकच नाव दोन भिन्न वस्तूंवर येऊ शकते, हे तर आणखी महत्त्वाचे. न्यूयॉर्क नाइफ कंपनीच्या उत्तम चाकूंवर ‘हॅमर ब्रँड’ असा ठसा असे. ही कंपनी १९३१ मध्ये बंद पडली. पुढे ते नाव प्रॉव्हिडन्स येथील इम्पीरियल कंपनीकडे गेले आणि पत्र्याचे पोकळ कवच बसवलेल्या स्वस्त चाकूंवर दिसू लागले. दोन्हींवरील नाव खरे आहे आणि दोन्ही चाकूही अस्सल आहेत. पण नाव वाचून थांबणारा ग्राहक दुसऱ्याला पहिल्याची किंमत मोजून बसतो.

मुठीची साक्ष

ठशाने काळ सांगितला की मुठीने त्याला दुजोरा द्यायला हवा. सर्वांत जास्त वापर झाला तो गुरांच्या नळीच्या हाडाचा. हाडावर यंत्राने खाचा पाडून ते रंगवले की ते शिंगासारखे खडबडीत दिसे आणि हाताची पकडही पक्की होई. खाचांची धाटणी आणि रंगाची छटा कारखान्यागणिक वेगळी असल्याने जाणकार केवळ मुठीवरून निर्मात्याचे नाव सुचवू शकतात. केसच्या जुन्या हिरवट हाडाला आणि रोबसन कंपनीच्या स्ट्रॉबेरी रंगाच्या हाडाला संग्राहकांत मोठा मान आहे.

शिंगाच्या मुठींशी भारताचा थेट संबंध आहे. चाकूच्या मुठीसाठी सर्वोत्तम मानले गेलेले शिंग आपल्या सांबराचे. त्याचा गाभा कमी भुसभुशीत आणि बाहेरचा थर जाड असतो. सांबर दरवर्षी शिंगे गाळते. भारतातील जंगलांतून गोळा झालेली अशी शिंगे शेफिल्ड, सोलिंगेन आणि अमेरिकेतील कारखान्यांपर्यंत पोचत. गळलेली शिंगे कोणती आणि शिकारीची कोणती, हे ओळखणे कठीण असल्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताने त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यानंतर एल्क आणि लाल हरणाच्या शिंगांचा वापर वाढला. म्हणून जुन्या चाकूवरील गडद, खोल रेषांचे सांबरशिंग आता विशेष मोलाचे ठरते.

कृत्रिम द्रव्यांचा काळ तर जवळजवळ साल सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले सेल्युलॉइड नाना रंगांच्या मुठींसाठी वापरले गेले. ‘डेलरिन’ हे प्लॅस्टिक १९६० च्या सुमारास बाजारात आले आणि हाडाची जागा घेऊ लागले. दोन्हींतील फरक भिंगातून कळतो. हाडाच्या कडांवर सूक्ष्म छिद्रे किंवा बारीक काळपट रेघा दिसतात. डेलरिनचा पृष्ठभाग एकसारखा असतो आणि खाचा साच्यातून आल्यामुळे गुळगुळीत काठाच्या असतात. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा जुना उपाय मुठीला कायमचा डाग देतो, तो टाळलेलाच बरा.

येथे केसच्या आकड्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाडाचा तुटवडा पडला तेव्हा कंपनीने काळे खडबडीत कृत्रिम द्रव्य वापरले, तरी अंक सहाच ठेवला. पुढे डेलरिनच्या मुठींवरही सहाचाच अंक आला. आकडा वाचायचा तो मूठ पाहूनच.

विसंगती शोधणे हेच कौशल्य

बनावट चाकू ओळखण्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते : चाकूच्या प्रत्येक भागाने एकच हकिकत सांगितली पाहिजे. ठसा १९३० चा आणि मूठ डेलरिनची, हे जुळत नाही. एकोणिसाव्या शतकात बंद झालेल्या कारखान्याचे नाव आणि पाते स्टेनलेस पोलादाचे, हेही अशक्य. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी स्टेनलेस पोलाद शोधले ते १९१३ मध्ये. बोल्स्टर झिजून गोल झालेले आणि पाते मात्र कारखान्यातून आल्यासारखे पूर्ण, असे असेल तर पाते बदलले असण्याचा संशय घ्यावा.

फसवणुकीच्या रीतीही ठरलेल्या आहेत. साध्या चाकूचा मूळ ठसा घासून तेथे नामांकित कंपनीचा ठसा ठोकणे ही सर्वांत प्रचलित. अशा वेळी टँग पातळ होतो. तो आणि लायनर यांच्यात फट दिसते, किंवा ठशाभोवतीचा भाग किंचित खोलगट लागतो. खड्डे पडलेल्या जुन्या पोलादावर अक्षरे मात्र ताजी व धारदार असतील, तर ती नंतर ठोकलेली असतात. चांगल्या जुन्या चाकूत बोल्स्टरमधील खिळी घासून इतकी एकजीव केलेली असते की ती दिसत नाही. तेथे गोल वर्तुळ स्पष्ट दिसल्यास चाकू कधीतरी उघडला गेला असावा. मुठीच्या दोन बाजूंच्या हाडांचा रंग वेगळा, खाचांची दिशा वेगळी, शील्ड हाडात नीट न बसलेली, या गोष्टीही बोलक्या असतात. आम्लाने आणलेला जुनेपणा सर्वत्र सारखा असतो. काळाने आणलेला जुनेपणा कोपऱ्यांत गडद आणि हात लागणाऱ्या जागी फिका असतो.

संशयाचाही अतिरेक होऊ नये. कारखाने ठसा बदलताना जुनी पाती फेकून देत नसत. त्यामुळे एका पात्यावर जुना आणि दुसऱ्यावर नवा ठसा असलेले संक्रमणकाळातील अस्सल चाकू आढळतात. रेमिंग्टनचा बुलेट चाकू १९८२ पासून नव्याने बाजारात आणला गेला. ती अधिकृत पुनर्निर्मिती आहे, बनावट नव्हे. ती १९२२ ची म्हणून विकली जाते तेव्हा मात्र फसवणूक होते. बंद पडलेल्या कारखान्यांतील सुटे भाग जोडून तयार केलेले चाकू ही त्याहून अवघड बाब. त्यांचा प्रत्येक भाग खरा असतो. चाकू मात्र त्या कारखान्याने कधीच बनवलेला नसतो.

स्वच्छतेचा मोह

खरेदीइतकेच महत्त्व जतनाला आहे, आणि येथे सर्वाधिक नुकसान सद्‌हेतूनेच होते. काळवंडलेला चाकू दिसला की त्याला चकचकीत करण्याचा मोह होतो. यंत्राच्या चाकावर घासताच टँगवरचा ठसा पुसट होतो, पात्यावरील मूळ कारागिरीच्या रेषा जातात, हाडाच्या खाचा बोथट होतात. म्हणजे ज्या खुणांवरून ओळख पटणार त्याच नाहीशा होतात आणि मोलही घसरते. कार्बन पोलादावर येणारी निळसर-करडी झाक पात्याचे रक्षण करते, ती तशीच ठेवावी. लाल गंज मात्र पोलाद खातो. तो तेल लावून, मऊ साधनाने, हलक्या हाताने काढावा.

चाकूची प्रत ठरवण्याचे निकषही यावरच आधारलेले आहेत. कारखान्यातून आल्यासारखा, न वापरलेला चाकू ‘मिंट’. पात्याची झीज साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर ‘उत्कृष्ट’, पाव पाते झिजले असेल तर ‘फार चांगला’, निम्मे गेले असेल तर ‘बरा’. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन चाकूंच्या किमतीत कैक पटींचे अंतर पडते ते या प्रतवारीमुळे.

साठवणुकीचे नियम थोडे आहेत, पण ते मोडल्यास संग्रह हातचा जातो. चामड्याच्या म्यानात चाकू कायम ठेवू नये. चामड्यातील रसायनांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो. पात्याला खनिज तेलाचा पातळ हात द्यावा आणि जागा कोरडी असावी. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू इतरांपासून वेगळे, हवेशीर जागी ठेवावेत. हे द्रव्य जुने झाले की विघटित होऊ लागते आणि त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या चाकूंनाही गंज चढवते. एका मुठीपायी अख्खा खण खराब होऊ शकतो.

कायद्याचे भानही ठेवावे लागते. कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने बंदी आली. हस्तिदंत किंवा शिंगाची मूठ असलेला चाकू एका देशातून दुसऱ्या देशात नेताना वन्यजीव संरक्षणाचे कायदे आड येऊ शकतात. असा चाकू भारतात आणण्यापूर्वी नियमांची खात्री करून घेणे इष्ट. विमानप्रवासात चाकू हातातल्या सामानात बहुतेक ठिकाणी चालत नाही.

उरल्या त्या खुणा

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर त्या गावांत आहे. कॅटारॉगस कंपनी १९६३ मध्ये थांबली. श्रेडचा कारखाना पुढे न्यूयॉर्क राज्यातीलच एलनव्हिल येथे गेला आणि २००४ मध्ये अचानक बंद झाला. त्याच राज्यातील कॅमिलस गावचा कारखाना २००७ मध्ये, तर पेनसिल्व्हानियातील टायटसव्हिलची क्वीन कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. केस कंपनी १९९३ पासून ब्रॅडफर्डच्याच झिप्पो या लायटर बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीची असून तिचे काम सुरू आहे. टायटसव्हिलमध्ये २००६ साली स्थापन झालेली ग्रेट ईस्टर्न कंपनी जुन्या पॅटर्नचे चाकू जुन्या पद्धतीने बनवते. पण ज्या डझनावारी कारखान्यांनी एकेकाळी गावेच्या गावे पोसली, त्यांतील बहुतेकांच्या इमारती आणि कागदपत्रे विखुरली आहेत.

त्यांच्या कारागिरांनी काय बनवले, कसे बनवले आणि ते किती चांगले होते, याचा विश्वासार्ह पुरावा आता त्यांच्या चाकूंमध्येच आहे. खोटा ठसा ठोकणारा केवळ ग्राहकाचे पैसे लुबाडत नाही, तर या पुराव्यातच भेसळ करतो. आणि हौसेने घासूनपुसून चकचकीत करणारा तो पुसून टाकतो. टॉम सॉयरला आपला बार्लो अस्सल असल्याची खात्री होती, ती कशाच्या आधारावर हे त्याने कधी तपासले नाही. संग्राहकाला ते तपासावेच लागते, आणि तपासताना त्या चाकूवरची एकही खूण आपल्या हातून जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते.